सोबतीचा रकाना

माझ्या जेवणाच्या टेबलावर आत्ता तीन वस्तू आहेत : निळ्या पुठ्ठ्याची प्रवासाची वही, पुढच्या वर्षाचं कोरं कॅलेंडर आणि टोक केलेली पेन्सिल. येत्या वर्षी मी एकटीने कुठे कुठे जायचं, ते आज ठरवायचं आहे. पण त्याआधी सरत्या वर्षात काय झालं ते तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते. तुमच्या आईने थोडंफार सांगितलं असेलच, पण तिच्या सांगण्यात काही गोष्टी गळतात आणि काही वाढतात. तुम्हाला इंग्रजी जास्त सोपं जातं हे मला माहीत आहे. तरी हे मराठीतच लिहिते आहे. अडलात तर आई वाचून दाखवेल. मात्र तिच्याबद्दलची वाक्यं तिने गाळू नयेत.

आधी वहीची ओळख. तुमचे आजोबा होते तेव्हा आमच्या घरातून बाहेरगावी झालेल्या प्रत्येक प्रवासाची नोंद मी या वहीत केली. पाच रकाने आहेत : कुठे, कधी, कशाने, काय विसरलं, सोबत कोण. त्यातला ‘काय विसरलं’ हा सगळ्यात उपयोगी. त्याच्यामुळे आमच्याकडे टॉर्च एकदाच विसरला गेला आणि औषधांचा डबा कधीच नाही. ‘सोबत कोण’मध्ये सुरुवातीला ‘हे, सासूबाई, दोन्ही नणंदा’ असं असायचं. मग ‘हे आणि मुलगी’. मग नुसतंच ‘हे’. आजोबा गेल्यावर तीन वर्षं पानं कोरी आहेत.

मागच्या डिसेंबरात कपाट आवरताना वही हाती लागली आणि मी खाली बसून पहिल्या पानापासून वाचत गेले. एक गोष्ट शोधत होते. सोबतीचा रकाना रिकामा असलेली एक तरी ओळ. नव्हती. लग्नाआधी वडील पोचवायला यायचे, लग्नानंतर हे. एकतीस वर्षं विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात नोकरी केली, तिथेसुद्धा जाता-येता आमचा सहा जणींचा घोळका ठरलेला. मिशनरी शाळेत शिकलेली, साहेबाची इंग्रजी पत्रं दुरुस्त करणारी बाई मी, पण परगावी हॉटेलात एकटीने टेबलाशी बसून मला हवं ते मागवलंय, असं सत्तर वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही. चुकीची नोंद सापडल्यावर वाटतं तसं वाटलं. दुरुस्त करायला हवी.

त्याच दिवशी मी वर्षाची उद्दिष्टं लिहून काढली. ऑफिसचं परिपत्रक काढावं तशी, क्रमांक घालून. पहिलं, मुंबईतच पण कधी न पाहिलेल्या ठिकाणी एक दिवस. दुसरं, परगावी एक रात्र. तिसरं, महाराष्ट्राबाहेर दोन रात्री. खाली नियम. सोबत कुणी नाही. पोचवायला कुणी नाही, उतरवून घ्यायला कुणी नाही. राहण्याची सोय आपण स्वतः करायची, कुणाच्या घरी उतरायचं नाही. एक वेळ तरी हॉटेलात एकटीने बसून जेवायचं. रोज संध्याकाळी साडेसहाला टोरांटोला तुमच्याकडे एक फोन, जास्त नाही. यातला एकही नियम मोडला तर तो प्रवास धरायचा नाही.

तुमच्या आईला फोनवर वाचून दाखवलं.

“आई, सत्तराव्या वर्षी?”

“एकाहत्तरावं लागलं.”

“पडलीस-बिडलीस म्हणजे?”

“घरात पडले तर कोण आहे? तिकडे निदान चार माणसं बघतील तरी.”

“हे बघ, विनोद नको. एवढंच फिरायचं असेल तर सीनियर सिटिझनचे किती चांगले ग्रुप आहेत. डॉक्टर असतो सोबत.”

“तेच म्हणते मी. सोबत.”

आमची दोघींची भांडणं कशी चालतात तुम्हाला ठाऊक आहे. आवाज कुणीच चढवत नाही आणि मागे कुणीच हटत नाही. शेवटी तिनेच तोडगा काढला. वर्ष संपायच्या आत परगावी एक रात्र मी खरोखर एकटीने, माझे सगळे नियम पाळून काढली, तर ती या विषयावर पुन्हा बोलणार नाही, कधीही. नाही जमलं, तर मी ग्रुपमध्ये नाव घालायचं आणि मी पुन्हा बोलायचं नाही. मी कबूल केलं आणि ते वहीत लिहून ठेवलं. म्हणजे प्रश्न एका सहलीचा राहिला नव्हता. पुढची सगळी वर्षं मी कशी फिरणार, ते त्या एका रात्रीवर ठरणार होतं.

पहिला प्रवास सोपा गेला. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे मढ. पन्नास वर्षं या शहरात राहून ती खाडी मी ओलांडली नव्हती. होडीत माझ्या एका बाजूला स्कूटर होती आणि दुसऱ्या बाजूला मासळीची रिकामी टोपली घेतलेली कोळीण. पलीकडे जाऊन मी किल्ल्याच्या बाजूला चालत गेले, समुद्राकडे तोंड करून बसले आणि डबा उघडला. डब्यात बारा दशम्या होत्या. पहाटे उठून सवयीने चौघांच्या हिशोबाने पीठ भिजवलं होतं, माणशी तीन. एका माणसाचा स्वयंपाक प्रवासासाठी करायचा असतो हे माझ्या हातांना माहीतच नव्हतं. ‘काय विसरलं’ या रकान्यात त्या दिवशी लिहिलं : ‘एकटी आहे हे.’ पण सोबतीच्या रकान्यात पहिल्यांदा आडवी रेघ मारली, पट्टी ठेवून. ती रेघ मी दोन-तीनदा पाहिली.

दुसरा प्रवास वाईचा. तो कसा बुडाला ते सविस्तर सांगते, कारण ती चूक फक्त आपल्याकडेच होऊ शकते.

आमच्या समोरच्या दारात राहते ती तुमची ‘लाडूवाली आजी’. मूळची मालवणकडची. तिचे यजमान गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी इथे मुलुंडमध्ये शिवणाचं दुकान टाकलं. तीस वर्षांचा आमचा शेजार. गावाला जाताना किल्ली तिच्याकडे द्यायची, दूधवाल्याला तिने सांगायचं, कुंड्यांना पाणी तिने घालायचं, हे ठरलेलं. तेव्हा वाईला जाते हे तिला सांगणं भाग होतं.

“वाईक?” ती म्हणाली. “अगो, माझ्या भाचीचं सासर वाईलाच!”

“बरं,” मी म्हटलं, “पण मी त्यांच्याकडे जाणार नाही हां. मला एकटीनेच जायचंय.”

“हो गो, जा की एकटी. मी काय येतंय थोडीच?”

तिने शब्द पाळला. ती आली नाही.

वाईच्या स्टँडवर मी एसटीतून उतरले तर समोर एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी उभे. गृहस्थांच्या हातात छत्री, बाईंच्या हातात पाण्याची बाटली. माझा फोटो त्यांच्या मोबाइलवर होता. एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा फोटोकडे.

“मुलुंडच्या मावशींच्या शेजारच्या ना तुम्ही? चला, रिक्षा थांबलीये.”

“अहो पण माझं लॉजवर बुकिंग—”

“ते सकाळीच फोन करून रद्द केलं,” गृहस्थ अभिमानाने म्हणाले. “घर असताना लॉजवर? लोक काय म्हणतील आम्हाला?”

गावात लॉज तरी किती असणार. त्यांनी दोन फोन केले होते आणि तिसऱ्या ठिकाणी मी सापडले होते.

मी काय करणार? दोन अनोळखी माणसं आपल्यासाठी तासभर उन्हात उभी राहिली आहेत, घरी पुरण शिजतंय, तिथे परिपत्रकातले नियम वाचून दाखवता येत नाहीत. दोन दिवस त्यांनी मला हातावर झेललं. कृष्णेचा घाट दाखवला, ढोल्या गणपती दाखवला, मेणवलीला नेलं, शेजारच्या चार घरी चहाला नेलं. प्रत्येक घरी माझी ओळख ‘मुंबईच्या मावशींच्या शेजारणी’. नदीच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं एकटीने बसावं म्हणून मी मागे रेंगाळले, तर बाई लगबगीने परत आल्या. “एकट्या का बसलात? पाय दुखतात का?” निघताना लोणच्याची बरणी, हळद आणि नारळ. एसटी सुटेपर्यंत दोघं खिडकीशी उभे.

माणसं सोन्यासारखी होती, हे मी लिहून ठेवलं आहे. आणि त्याच ओळीत, सोबतीच्या रकान्यात, ‘सात जण’ असंही लिहिलं आहे.

मी परतल्यावर शेजारीण दारातच उभी होती, डोळ्यांत आनंद मावेना. तिला काय बोलायचं? मी म्हटलं, “छान झालं सगळं. पण हा प्रवास धरायचा नाही.”

“म्हणजे? कोण बघता गो? लेकीक सांग, राहिलंय एक रात्र म्हणून.”

“मी बघते ना.”

तुमच्या आईला मी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. ती मनापासून हसली आणि म्हणाली, “बघ, किती मजा आली तुला! माणसं असली की असं असतं. आता डिसेंबरच्या ग्रुपचा फॉर्म मी भरून ठेवते, नोव्हेंबरअखेर शेवटची मुदत आहे.” तिने विजयाचा आवाज काढला नाही, हे तिचं चांगलं. पण मला तो ऐकू आला.

नंतर पावसाळा, मग माझा गुडघा, मग गणपती. वर्ष पळत होतं. एका रविवारी मी टेबलाशी बसून विचार केला. वाईला चूक माझीच झाली होती. आपल्या माणसांचा स्वभाव मी धरलाच नव्हता. ‘उतरवून घ्यायला कुणी नाही’ असा नियम नुसता लिहून भागत नाही. जिथे आपल्या कुणाचंच कुणी नाही, असं गाव आधी शोधावं लागतं.

मग मी पाहणी केली. एका कागदावर गावांची नावं लिहिली आणि आमच्या चार मजली इमारतीत दार वाजवत गेले. प्रत्येक घरी एकच प्रश्न : तुमचं अमुक गावी कुणी आहे का? लोकांना वाटलं कुणाचं लग्न जमवते आहे. कोल्हापूर पहिल्याच दारात गेलं. नाशकात पाच घरांचे नातेवाईक निघाले. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी विचारायचीही सोय नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी नागपूर, अकोला, नांदेड तिन्हींवर एका दमात फुली मारायला लावली. दरवर्षी दीक्षाभूमीला जातात, वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर त्यांचा भाऊबंद आहे. त्यांची सून म्हणाली, “काकू, इंदूर टाका ना. इंदूरला आपलं कोणी नाही.” मी लिहिणार तोच आतून तिच्या सासूबाई : “नाही कसं? तुझ्या नणंदेची जाऊ!”

शेवटी कागदावर एक गाव उरलं. विजापूर. महाराष्ट्राबाहेर होतं, म्हणजे तिसरं उद्दिष्टही त्यातच बसत होतं. फक्त समोरचं दार उरलं होतं.

“विजापूर,” शेजारीण म्हणाली आणि पाटावर बसली. “थांब हां. विजापूर…” ती डोळे मिटून एकेक नातं पुटपुटायला लागली. आत्येबहिणी झाल्या, मावसदीर झाले, मुलीच्या जावा झाल्या. मी श्वास रोखून उभी. पाच मिनिटांनी तिने डोळे उघडले. एवढी हरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

“नाय गो,” ती म्हणाली. “विजापुरात माझा कोण नाय.”

मी तिला मिठी मारली. मग ती एकदम ताठ झाली. “सोलापुरात आसा! पुतणीचा नवरा!”

“सोलापुरात मी फक्त गाडी बदलणार.”

“बरं बरं,” ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली, पण ते मला नंतर कळलं.

नोव्हेंबरच्या मध्यात मी निघाले. दशम्या तीन. रात्रीच्या गाडीने सकाळी सोलापूर, तिथून बसने विजापूर. ऊन चढलं होतं. बसमधून उतरले आणि सवयीने चारी बाजूंना पाहिलं. पाट्या कानडीत, बोलणं कानडीत. कुणी छत्री घेऊन उभं नव्हतं, कुणी माझ्याकडे बघून मोबाइलकडे बघत नव्हतं. त्या स्टँडवरच्या एकाही माणसाला मी कोण ते माहीत नव्हतं. बॅग खाली ठेवून मी तशीच दोन मिनिटं उभी राहिले. मला हसू येत होतं.

लॉजवर मात्र ते ओसरलं. खोली मी फोनवर सांगून ठेवली होती. काउंटरवरचे मॅनेजर तुमच्या आईच्या वयाचे, कपाळाला विभूती, समोर रजिस्टर. त्यांनी माझ्या मागे दरवाज्याकडे पाहिलं.

“मॅडम, बाकी लोग?”

“मी एकटीच आहे.”

“पीछे से आएगा कोई?”

“नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग अगदी नम्रपणे, हात जोडून सांगितलं, की एकट्या वयस्कर माणसाला खोली द्यायची नाही असं मालकांचं म्हणणं आहे. मागे एकदा एक पाहुणे आजारी पडले, दोन दिवस कुणाचा पत्ता लागेना. “कोई एक लोकल नंबर दे दो, मॅडम. रिश्तेदार, पहचानवाला, कोई भी. आजूबाजू का भी चलेगा.” मी टोरांटोचा नंबर दिला. तो लांबलचक आकडा त्यांनी बोटाने मोजला आणि मान हलवली. “ये तो बहुत दूर है.”

आधारकार्ड काढायला मी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात माझ्या ओळखीची नसलेली एक पुडी होती. शेंगदाण्याचे चार लाडू, आणि त्यांना गुंडाळलेला कागद. कागदावर शेजारणीचं वळणदार अक्षर : पुतणीच्या नवऱ्याचं नाव, सोलापूर, फोन नंबर. खाली, ‘राग मानू नको.’

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. ‘आजूबाजू का भी चलेगा.’ तो नंबर दिला असता तर खोली लगेच मिळाली असती. आणि मॅनेजरांनी खात्रीसाठी फोन लावला असता, आणि दुपारच्या चहाच्या आत पुतणीचा नवरा गाडी घेऊन हजर झाला असता, हेही मला स्वच्छ दिसत होतं. न देऊन परत फिरले असते तर तुमच्या आईने भरलेला फॉर्म वाट बघत होताच. दोन्हीकडून माझा रकाना जात होता.

कागद मी परत पर्समध्ये ठेवला. मॅनेजरांना म्हटलं, “मला दोन कोरे कागद आणि एक कार्बन मिळेल का?”

कार्बन निघाला नाही, कोरे कागद मिळाले. मी त्यांच्याच काउंटरपाशी खुर्ची ओढून बसले आणि एकतीस वर्षं जे केलं ते केलं. पत्राचा मसुदा. इंग्रजीत, उजवीकडे तारीख, डावीकडे ‘प्रति, मालक’, मध्ये विषय, विषयाखाली रेघ. मजकूर साधारण असा होता : मी, खाली सही करणारी, वय अमुक, शुद्धीत आणि स्वखुशीने एकटी प्रवास करीत आहे. माझी औषधं अमुक, ती मी वेळेवर घेते. रोज सकाळी आठ वाजता आणि रात्री जेवल्यावर मी काउंटरवर येऊन आपणास तोंड दाखवीन. न आल्यास आपण माझं दार वाजवावं, आणि दार न उघडल्यास डॉक्टर बोलवावा. त्याचा सर्व भार माझ्यावर. सोबतीस कोणी नाही, आणि त्यास आपण जबाबदार नाही. आपली विश्वासू. दुसरी प्रत हाताने उतरवली, दोन्हींवर सही केली.

मॅनेजरांनी पत्र एकदा वाचलं, मग उभं राहून पुन्हा वाचलं. मग आत जाऊन मालकांना दाखवून आले. मालक स्वतः बाहेर आले, पांढरं धोतर, साठीच्या पुढचे. त्यांनी विचारलं, “मॅडम, आप किधर काम करते थे?” मी सांगितलं. ते मॅनेजरांना कानडीत काहीतरी म्हणाले आणि ड्रॉवरमधून रबरी शिक्का काढून माझ्या प्रतीवर ‘मिळाले’चा ठसा उमटवला. ती प्रत आत्ता वहीत चिकटवलेली आहे. माझ्या नोकरीत मी शेकडो पत्रं लिहिली, पण सगळी दुसऱ्याच्या सहीने गेली. स्वतःसाठी लिहिलेलं हे पहिलं.

दुपारी समोरच्या खानावळीत गेले. वाढप्याने मला बायकांच्या कोपऱ्याकडे हात दाखवला, मी रस्त्याकडच्या टेबलाशी बसले. पातळ ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, वर दह्याची वाटी. अजून एक भाकरी मागवली. कुणाला आधी वाढायचं नव्हतं, कुणाचं ताट बघायचं नव्हतं. मी हळू जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल घुमट. घुमटाच्या आतल्या सज्जात जायचं तर कोपऱ्यातल्या मिनारातून सात मजले चढावे लागतात, अरुंद, उंच पायऱ्या. मोजायच्या ठरवल्या होत्या, पण पन्नासच्या पुढे श्वास आणि आकडे दोन्ही सांभाळता येईनात. प्रत्येक मजल्यावर झरोक्याशी थांबले. वर पोचले तेव्हा शाळेची सहल आरडाओरडा करत होती आणि घुमट तो सगळा आरडाओरडा पुन्हा पुन्हा परत करत होता. बाईंनी त्यांना खाली पिटाळलं आणि मग जी शांतता झाली, तिच्यात मी भिंतीशी टेकून बसले. या भिंतीशी हळू बोललेलं थेट समोरच्या बाजूला ऐकू जातं, हे मी तुमच्या आईला शाळेत असताना पुस्तकातून शिकवलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून हळूच म्हटलं, “आले बाई एकदाची.”

भिंत म्हणाली, “कुठून आलात?”

मी दचकून वळले. समोर, घुमटाच्या त्या टोकाला, एक जोडपं हात हलवत होतं.

“मुलुंड,” मी भिंतीला सांगितलं.

“अय्या! आम्ही शेजारचेच, भांडुपचे! सोबत कोण आहे, आजी?”

“कुणी नाही.”

“मग चला ना आमच्याबरोबर! गाडी आहे आमची, संध्याकाळी सोलापूरलाच चाललोय!”

पाहणीत मी इमारत धरली होती, भांडुप धरायचं राहिलं होतं. मी हसले ते भिंतीने सात-आठ वेळा हसून दाखवलं. “नको गं,” मी म्हटलं. “माझी आज एक रात्र बाकी आहे.” जाताना ती पोरगी सज्जाला वळसा घालून येऊन पाया पडून गेली. वाकताना म्हणाली, “आजी, भारी आहात.” नियमात बसतं का हे मी नंतर तपासलं. ती माझ्यासाठी आली नव्हती, वाटेत भेटली. बसतं.

त्या संध्याकाळी साडेसहाला मी फोन केला तो तुम्हाला आठवत असेल. तुमची शाळेला निघायची घाई होती. धाकट्याने विचारलं, “आज्जी, खरंच अलोन? टोटली?” मी म्हटलं, टोटली, दुसरी रात्र. मग आईच्या हातात फोन गेला. तिला मी पत्र वाचून दाखवलं, विषयासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “फॉर्म रद्द करते.” आणि जरा वेळाने, “आई, ‘त्यास आपण जबाबदार नाही’ हे तू आम्हालाही लिहिलंयस का?” मी म्हटलं, “नाही गं. ते फक्त लॉजसाठी.” हे वाक्यसुद्धा तिने वाचून दाखवावं.

परत आल्यावर शेजारणीला लाडवांचा रिकामा कागद दिला, नंबर असलेला.

“फोन का नाय केलंस?” ती जरा रुसलीच.

“लाडू मात्र चारही खाल्ले.”

तिने कागद उलटापालटा करून पाहिला. मग संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर जाऊन तिने माझं पत्र सांगितलं. दोन रात्रींच्या चार केल्या आणि मालकांना माझ्या पाया पडायला लावलं. मी दुरुस्ती केली नाही. परवा ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पुढच्या वर्साक मी पण जाईन म्हणतंय. एकटी.” मी म्हटलं, “जा की. कुठे?” ती म्हणाली, “तू सांग, माझा कोण नाय असा गाव खंय मिळतला?” दोघी मिळून शोधतो आहोत. अजून सापडलेलं नाही.

तर आता पुढच्या वर्षाचं. पेन्सिलीने लिहिते आहे, पण खोडायचा विचार नाही. फेब्रुवारीत बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरीची लेणी, एक दिवस. पावसाळ्यानंतर वाई, पुन्हा, रीतसर. या वेळी त्या दोघांना मी आधीच पत्र लिहिणार आहे, की पहिला दिवस माझा आणि दुसऱ्या दिवशी जेवायला तुमच्याकडे. आणि तिसरं उद्दिष्ट टोरांटो.

तिसऱ्याचे नियम वेगळे आहेत, नीट वाचा. तुमच्या विमानतळापासून शहराच्या मोठ्या स्टेशनापर्यंत गाडी आहे, तिथून तुमच्या बाजूची बस, मग दहा मिनिटं पायी, हे मी सगळं पाहून ठेवलं आहे. विमानतळावर कुणीही यायचं नाही. आईने नाही, बाबांनी नाही, शाळेला दांडी मारून तुम्हीही नाही. स्टेशनवर ओळखीचं कुणी उभं करायचं नाही. तुमच्या आईने बोलायचं नाही असं वचन दिलेलं आहे, आणि ते वहीत आहे.

तुम्ही दोघांनी फक्त घरी थांबायचं. बेल वाजली की दार उघडायचं.